बसायचं, पण कुठं?

आधीच सांगून ठेवते, मी स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. पण आमच्या शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी टेकडीवर फिरायला जातात, गुडघ्यांसाठी, आणि त्यांनी पाहिलंय. लांबचा चष्मा लावून पाहिलंय. पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलंय, कारण खात्री केल्याशिवाय कुणाबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा नेम आहे.

तर म्हणे, सूर्य कलायला लागला की वरच्या सपाटीवर सतरंज्या पडतात. चांगल्या घरातल्या, धुतलेल्या सतरंज्या. कोळीणबाई मासळी ठेवतात तसला बर्फाचा डबा, त्यातून बाटल्या. मोबाइल दगडाला टेकवायचा आणि पेला मावळत्या सूर्यासमोर असा धरायचा, की सूर्य अरबी समुद्रात न बुडता थेट बीअरमध्येच बुडतोय असं दिसलं पाहिजे. पहिल्यांदा फेस फार येतो म्हणून परत. दुसऱ्यांदा मागून कुणाची तरी म्हैस जाते म्हणून परत. बिचारा सूर्य ताटकळतो. आणि हे सगळं सांगून झाल्यावर वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, ‘चकण्याला काय होतं, ओळखा?’ मी म्हटलं शेंगदाणे असतील, फरसाण असेल, फार तर उकडलेली अंडी. वहिनींनी मान हलवली. ‘भाजणीची कडबोळी.’

कडबोळी! अहो, कांदा-टोमॅटो चिरून लिंबू पिळलेले शेंगदाणे मी समजू शकते. त्या पदार्थाचा जन्मच त्या कामासाठी झालाय. पण ज्या बाईनं भाजणी भाजली, दळून आणली, उकड काढून मळली आणि उभ्यानं तळली, तिला वाटलं असेल लेक हॉस्टेलवर चार दिवस खाईल. तिला काय ठाऊक, आपल्या कडबोळ्यांना असा परिसस्पर्श होणार आहे!

पण खरा बाँब घरातच फुटला. आमचा भाचा, जर्मनीत दोन वर्षं शिकून आलेला, जेवता जेवता म्हणाला, ‘मामी, यात लपवण्यासारखं काय आहे? सार्वजनिक जागी प्यायला सरळ कायद्यानं परवानगी द्यावी.’ हे तो आमटी वाढून घेताना म्हणाला. देवघराकडे तोंड करून म्हणाला. मामांनी ऐकू न आल्याचा आव आणला, जो त्यांना उत्तम जमतो. मी मात्र दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागले, कारण एवढी मोठी गोष्ट नुसती ऐकून सोडून देणं म्हणजे चार बायकांच्या तोंडचा घास काढून घेणं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना सगळे कायदे माहीत असतात. ते म्हणाले, ‘सार्वजनिक जागेचं नंतर बघू. आधी हे सांगा, महाराष्ट्रात घरात बसून प्यायला परवाना लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे काकांनाही आदल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आपल्याकडे दारू ज्या कायद्याखाली विकली जाते त्याचं नाव दारूबंदी कायदा. १९४९चा. आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणत, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. त्यानुसार विदेशी दारू एक दिवस प्यायची तर पाच रुपयांचा परवाना, देशीचा दोन रुपयांचा. वर्षभराचा शंभर. आणि हजार रुपये भरले की आजन्म! शिवाय बीअरला एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि व्हिस्की-रमला पंचवीस. म्हणजे अठराव्या वर्षी मुख्यमंत्री निवडायला मदत करता येते, एकविसाव्या वर्षी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभं राहता येतं, पण त्या लग्नाच्या आदल्या रात्री मित्रांनी पुढं केलेला पेग चार वर्षं थोपवून धरायचा.

ते ऐकल्यापासून मी शेजारीपाजारी वेगळ्याच नजरेनं बघायला लागलेय. पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर, संस्कृतचे मास्तर, नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसणारं ते जोडपं, सगळे विनापरवाना! काका स्वतः कित्येक वर्षं गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसून संध्याकाळचा पेग घेत आलेत, वर्तमानपत्रातला गुन्हेगारीचा स्तंभ वाचत. आपणही त्याच स्तंभातले, हे कळल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आता आजन्म परवाना काढलाय. प्लास्टिकच्या पाकिटात घातलाय. पाहुणे आले की नातवाच्या मुंजीच्या अल्बमनंतर तो दाखवतात.

पण मग गॅलरी ही जागा सार्वजनिक की खासगी? यावर आमच्याकडे दोन दिवस खल झाला. काका म्हणतात, सातबारा नसला तरी इंडेक्स टू माझ्या नावावर आहे. वहिनी म्हणतात, समोरच्या इमारतीतून दिसते ना, मग सार्वजनिकच. मला वहिनींचं म्हणणं पटलं. आपल्या समाजाची सार्वजनिक जागेची व्याख्या हीच आहे: जिथून वहिनींना दिसतं ती.

आता हे दारूबंदीच्या नावाखाली दारू विकायचं कौतुक आलं कुठून? त्याची मोठी मौज आहे. जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवकांनी निरोधन केलं. एका गोष्टीवर फुले आणि टिळक दोघंही एका बाजूला उभे आहेत, असं पुण्यात फार वेळा झालेलं नाही. ते दारूनं करून दाखवलं. पुढे स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाईंच्या आग्रहानं कायदा आला आणि १९५०पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. तेव्हा मुंबईत गल्लोगल्ली ‘आंटी’ तयार झाल्या. स्वयंपाकघरात भट्टी, बाहेरच्या खोलीत बाकडी, सोबत उकडलेलं अंडं. प्यायला खासगी घरात जायचं आणि तिथं सगळं सार्वजनिक गिऱ्हाईक भेटायचं. १९६०ला राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातनं हाच कायदा पोटाशी धरून ठेवला, तो अजून सोडलेला नाही. आपण मात्र साठच्या दशकात गाठ सैल केली. कायदा रद्द करायचा नाही, कारण गांधीजींना काय वाटेल. आणि लागूही करायचा नाही, कारण तिजोरीला काय वाटेल. मग मधे परवाना आला. परमिट रूमच्या पाटीवरचं ‘परमिट’ तेच. मी इतकी वर्षं समजत होते की गाडी लावायचं परमिट असेल.

वर्षाअखेरीला तर या कायद्याचा नुसता उत्सव असतो. ३१ डिसेंबरला उत्पादन शुल्क विभागाकडून एकदिवसीय परवान्यांची पुस्तकंच्या पुस्तकं बारवाल्यांकडे जातात. दुकानांना रात्री एकपर्यंत, परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत मुभा. त्याच संध्याकाळी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चौकात उभे राहून गरम दूध वाटतात, ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ असा फलक लावून. आमचे सेक्रेटरी एका वर्षी दोन्हीकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, तेव्हा दोष दुधाला दिला.

तर भाच्याची मागणी. मी त्याला विचारलं, बाबा रे, घर आहे, बार आहेत, तुला टेकडी कशाला लागते? तो म्हणाला, घरात आई. हे खरं. सोसायटीच्या गच्चीवर? गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे आहे. ती फक्त पापड वाळवायला आणि पाण्याची टाकी धुवायला मिळते. मग बार? इथं त्यानं मला हिशेब मांडून दाखवला. जून २०२५मध्ये सरकारनं उत्पादन शुल्क असं वाढवलं की भारतीय बनावटीच्या विदेशी दारूची क्वार्टर कमीत कमी २०५ रुपयांवर गेली, देशीची ८०वर. ही दुकानातली किंमत. बारमध्ये त्यावर त्यांचा दर, त्यावर पाचाचा दहा टक्के झालेला व्हॅट. स्वतः बारवाल्यांनी १४ जुलैला राज्यभर बंद पाळला. दारूवाल्यांनी पाळलेली दारूबंदी! मोरारजीभाई असते तर त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. दुकानात घेतलेली बाटली आणि बारमध्ये उघडलेली बाटली यांच्यातल्या फरकात दोन जणांचं जेवण होतं, असं भाचा म्हणतो. मला तपासता आलं नाही. विचारायला कुणाला जाणार?

मुलींचं आणखी निराळं. हो, टेकडीवरच्या त्या सतरंजीवर मुलीही होत्या. हे वहिनींनी मुद्दाम शेवटी सांगण्यासाठी राखून ठेवलं होतं, कडबोळ्यांच्याही नंतर. पण मी विचार केला, त्यांनी जायचं कुठं? परमिट रूमच्या दारावर ‘फॅमिली रूम वेगळी’ अशी पाटी असते. त्या फॅमिली रूममध्ये कोंदट पडदे, बंद पंखा आणि दर पाच मिनिटांनी काही लागलं का बघायला येणारा वेटर. त्यापेक्षा म्हैस बरी.

राहिली गाडी. वाइन शॉपच्या बाहेर रांगेनं गाड्या लावून, काचा वर करून, एसीत बसणारी मंडळी सगळ्यांनी पाहिलीत. शेजारी अंडाभुर्जीची गाडी, खिडकीतून प्लेट आत. हे खासगी की सार्वजनिक, यावर पोलीस आणि गिऱ्हाईक यांच्यात जो संवाद होतो तो फार हळू आवाजात होतो आणि लवकर मिटतो. नंतर तीच गाडी चालवत घरी जायचं असतं, हा त्यातला भयंकर भाग. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. इथं माझी थट्टा संपते. टेकडीवरून पायी घरी येणारा मला त्या गाडीवाल्यापेक्षा शतपटीनं परवडला.

एकदा सर्वोच्च न्यायालयानं यावर उपाय करून पाहिला होता. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही, १ एप्रिल २०१७पासून. उद्देश उत्तम. मग काय झालं? केरळात एका बारवाल्यानं आवारात भुलभुलैया बांधला, म्हणजे दार तिथंच, पण चालत जायला पाचशे मीटर भरले पाहिजेत. आपल्याकडे काही शहरांत राज्य महामार्गच महामार्ग राहू नयेत, महापालिकेच्या पदरात पडावेत, अशी घाई उडाली. रस्ता हलला, बार हलला नाही.

आणि पावसाळा आला की काही विचारू नका. आषाढ अमावास्येला आमच्याकडे दिव्यांची आवस असते. पितळी समया घासूनपुसून पाटावर मांडायच्या, गोडाचे दिवे करायचे. त्याच दिवशी अर्धा महाराष्ट्र गटारी करतो. श्रावणात महिनाभर सोडायची म्हणून एका रात्रीत महिन्याचा कोटा. धबधबे, धरणं, घाट, जिथं म्हणून ओलं असेल तिथं गाड्या. म्हणून पुणे-रायगडकडचे जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतात. ते एकदा वाचा, फार रंजक असतात. धोकादायक ठिकाणी सेल्फी काढू नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत, मद्य बाळगू नये, मद्य वाहून नेऊ नये, मद्य प्राशन करू नये. लोकांनी काय काय केलं याची ती गुप्त डायरीच असते. उगाच कुणी कशाला बंदी घालेल?

गडांचं मात्र वेगळं आहे. तिथं मीही ताईमाई-अक्का सोडून कडक होते. ३१ डिसेंबरच्या रात्री दुर्गप्रेमी संघटनांची पोरं गडाच्या पायथ्याशी थंडीत शेकोटी करून पहारा देतात, पिशव्या तपासतात. ज्यांच्या पूर्वजांनी शत्रू अडवला त्यांना आता खंबे अडवावे लागतात. त्या पोरांना कुणी पगार देत नाही.

आता जरा उलट बाजूनं बघू. उघड्यावर प्यायला परवानगी नाही, असं म्हणतो आपण. पण ती नाहीच का? नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात सुलाफेस्ट २००८पासून भरतोय. आभाळाखाली, हिरवळीवर, हजारो माणसं, हातात उंच दांडीचे पेले, समोर गाणं. त्याला कुणी ‘उघड्यावर’ म्हणत नाही, त्याला ‘ओपन एअर’ म्हणतात. जिमखान्याच्या लॉनवर वेताच्या खुर्च्यांत तेच. इमारतींच्या गच्च्यांवर, जिथं आमचे पापड वाळत, तिथं आता रूफटॉप बार झालेत आणि तिथूनही सूर्य बीअरमध्येच बुडतो, फक्त तो बुडताना बघायला तिप्पट पैसे पडतात. याउलट देशीच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून, हातात प्लास्टिकचा ग्लास आणि मुठीत मीठ-चणे घेऊन उभा असलेला गवंडी. त्यानंही आभाळाखालीच घेतली. पण त्याला ११०-११७ लागतं, म्हणजे पोलीस कायद्याची ती दोन कलमं, जी प्रत्येक हवालदाराला रामरक्षेसारखी पाठ असतात.

वाइनच्या वेळी हे फार स्पष्ट दिसलं. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळानं ठरवलं की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवता येईल. काय गहजब झाला! वाइन म्हणजे दारूच नव्हे, असं सत्तेतल्या मंडळींनी ठासून सांगितलं. दारू नव्हे तर मग काय, चिंचेचं सार का, असं विरोधी बाजूनं विचारलं. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीला लागले. निर्णय राहिला बाजूला, पुढं सरकारही बदललं. त्या सगळ्या वादात देशीच्या दुकानाचं नाव कुणी घेतलं नाही. तिथं शेतकऱ्याचं हित पाहायला कुणी गेलं नाही. तांदळाच्या पोत्याशेजारी बाटली ठेवली तर संस्कार धोक्यात, आणि तीच बाटली पडद्याआड, जाळीच्या खिडकीतून, काळ्या पिशवीत दिली की सगळं सुरळीत. काळी पिशवी हाच आपला खरा परवाना आहे.

न्यू यॉर्कमध्येही म्हणे असंच कागदाच्या पिशवीत गुंडाळून पितात, म्हणजे हा दंभ एकट्या आपल्याकडेच नाही, एवढं समाधान. लंडनच्या मेट्रोत पूर्वी चालायचं. बोरिस जॉन्सन महापौर झाले आणि १ जून २००८पासून बंदी आणली. आदल्या रात्री लंडनकरांनी काय केलं असेल? सगळ्यांनी सर्कल लाइनच्या गाड्यांत बसून गोल गोल फिरत निरोपाची गटारी केली! सिंगापूरनं २०१५पासून रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी पिणं बंद केलं, आणि सिंगापूर बंद म्हणालं की ते बंद असतं. भाच्याचा आवडता दाखला अर्थातच जर्मनी. तिथं कामावरून घरी जाताना वाटेत बीअर पीत चालतात आणि कुणी वळूनही बघत नाही.

मी विचारलं, ‘आणि रिकाम्या बाटलीचं काय करतात?’

इथं भाचा पहिल्यांदाच जरा गप्प झाला आणि मग खरं बोलला. तिथं बाटलीवर अनामत असते. बीअरच्या काचेच्या बाटलीला बहुधा आठ सेंट, डब्याला आणि प्लास्टिकच्या बाटलीला पंचवीस. दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पैसे परत. ज्याला तेवढे पैसे नकोत तो बाटली कचरापेटीच्या शेजारी नीट उभी करून ठेवतो, म्हणजे ज्याला हवेत तो वेचून नेतो. फोडत कुणी नाही. पैसे कोण फोडेल? अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रस्त्यावर पेला घेऊन हिंडायची मुभा आहे, पण पेला प्लास्टिकचा, काच नाही.

हे ऐकल्यावर मला या सगळ्या चर्चेत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. वहिनींची तक्रार संस्कृतीबद्दल असेल, पण वहिनींच्या बुटाच्या तळव्यातून आरपार गेली ती काच. टेकडीवर शेळ्या चरतात, कुत्री असतात, पावसाळ्यानंतर शाळेची पोरं रोपं लावायला येतात. आपल्याकडे पिणाऱ्याला शेवटचा घोट झाल्यावर बाटली दगडावर आपटून फोडण्यात कसला पुरुषार्थ वाटतो, हे एखाद्या मानसशास्त्रज्ञानं बघायला हवं. तमिळनाडूत नीलगिरीच्या जंगलात हत्तींच्या पायांत काचा जायला लागल्या तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं कान उपटले आणि २०२२पासून तिथल्या सरकारी दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी परत आणल्यावर ते परत द्यायला सुरुवात झाली. दहा रुपयांत हत्ती वाचतो! आपल्याकडे पाच रुपयांत नुसता परवाना मिळतो, आणि तोही कुणी घेत नाही.

गोव्याकडे बघून तर माझे डोळेच उघडले. आपल्याला वाटतं, गोव्यात काय, सगळंच चालतं. तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर तावेर्न, उन्हाळ्यात उर्राक, घरात फेणी, आणि कुणाला त्याचा बाऊ नाही. त्याच गोव्याला २०१९ साली किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याविरुद्ध कायदा कडक करावा लागला. एकट्याला दोन हजार, घोळक्याला दहा हजार दंड. आणि त्याच कलमात उघड्यावर स्वयंपाक करणंही आलं. हे कुणासाठी, ते वेगळं सांगायला नको. सिलिंडर, शेगडी, कोंबडी आणि क्रेट घेऊन रात्रीच्या बसनं उतरणारी मंडळी गोव्याची नव्हेत; त्यातल्या बऱ्याच बसचा नंबर एमएच असतो. चारशे वर्षं पिणाऱ्यांनी पिण्यावर बंदी आणली नव्हती, ती आपण चार सहलींत आणायला लावली. मला तर लाजेनं पदर तोंडावर घ्यावासा वाटला, पण ड्रेस घातला होता.

म्हणून मी भाच्याला माझा निकाल सांगितला, तो विचारत नव्हता तरी. बसा. टेकडीचा एखादा कोपरा नेमून घ्या, पाटी लावा, सातनंतर दहापर्यंत. बाटलीमागे वीस रुपये अनामत, आणि बायकांसाठीसुद्धा संडास, जो आत्ता देवदर्शनाला गेलेल्यांनाही मिळत नाही. जो चालवत आलाय त्याची किल्ली खालच्या चौकीत. एवढं करायला तयार असाल तर माझी ना हरकत. ना हरकत म्हणजे काय ते आता आमच्या सेक्रेटरींना विचारा. मार्च २०२५मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की सोसायटीच्या गाळ्यात बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान उघडायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, तेव्हापासून सेक्रेटरींची चाल बदललीय. अजून एकही दुकानदार आलेला नाही. पण आला तर त्याला किती दिवस फिरवायचं, हे ठरलेलं आहे.

भाचा म्हणाला, ‘मग लोकांचं मत घ्या ना! बहुमतानं ठरू दे.’ त्याला बहुमत म्हणजे फार सोपं वाटतं, तिकडे राहून आल्यामुळे. मी त्याला म्हटलं, दारूवर मत घ्यायची पद्धत महाराष्ट्रात आहे, आणि ती बायकांनी भांडून मिळवलीय. गावातल्या बायकांनी अर्ज करायचा, मग सरकार गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला मत म्हणजे दुकान बंद. शंभर वाचनालयं काढून जे साधलं नसतं ते या दोन चित्रांनी साधलं, अक्षर न येणाऱ्या आजीलाही राज्याच्या अबकारी धोरणावर शिक्का मारता आला. कितीतरी गावांत बाटली आडवी झाली. त्या बायकांना ‘सार्वजनिक जागी पिण्याला परवानगी असावी का’ असं कुणी विचारलं नव्हतं. एसटी स्टँडवर, पारावर, शाळेच्या भिंतीपाशी ती सार्वजनिक होतीच; आणि रात्री घरी आल्यावर खासगी व्हायची, दार लावून, मारहाणीसकट. त्यांना दोन्ही ठिकाणांची माहिती आमच्यापेक्षा जास्त होती.

पण त्यातही मेख आहे. आमदार व्हायला झालेल्या मतदानातली सगळ्यांत जास्त मतं पडली की पुरतं. बाटली आडवी करायला मात्र यादीत जितकी नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी आली नाही ती बाटलीच्या बाजूची. लग्न होऊन मुंबईला गेली ती बाटलीच्या बाजूची. ऊसतोडीला गेली ती बाटलीच्या बाजूची. आमच्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यात खोकल्यासाठी द्राक्षासवसुद्धा घेतलं नाही आणि ब्रँडीच्या दोन थेंबांवरून फॅमिली डॉक्टर बदलला, त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. गावाकडच्या यादीत त्यांचं नाव अजून आहे. काढायचा अर्ज मामांनी द्यायचा होता, तो राहिला. म्हणजे उद्या आमच्या गावात मतदान झालंच, तर सासूबाई उभ्या बाटलीच्या कट्टर पाठीराख्या म्हणून मोजल्या जातील. हे मी मामांना सांगितलं. तेही त्यांना ऐकू आलं नाही.